माळावरचं दार

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांनाही माणसांसारखी झोप लागायची आणि झोपेत त्या कूस बदलायच्या.

अशीच एक नदी एका गावाशेजारून वाहायची. एका शांत दुपारी तिने कूस बदलली. ना पाऊस, ना पूर, ना आवाज. खालच्या आळीतल्या बायका भाकऱ्या थापत होत्या. पायांना गार लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर घरात पाणी! माणसं बाहेर पडली, गुरं बाहेर पडली, आणि दिवस मावळेपर्यंत तीस घरं पाण्याखाली गेली. जीव एकही गेला नाही, हे देवाचे उपकार. पण तीस कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही.

पंचांनी त्यांना गावाबाहेरचा माळ दिला. मोठा देखणा माळ. थंडीत सकाळी त्यावर असं धुकं उतरायचं, की माणसं कमरेपर्यंत दुधात उभी आहेत असं वाटावं. पण धुकं काही पांघरता येत नाही, बाबांनो.

त्या तीस कुटुंबांत एक होती धुरपदा. ही गावाची सुईण. गावातली निम्मी माणसं या जगात आली ती तिच्याच ओंजळीत. केवढाही मिशीवाला गडी समोर आला, तरी ती म्हणायची, "तू होय रे? पायाळू जन्मलास, आईला घाम फोडलास!" आणि मिशीवाला लाजून पळायचा.

धुरपदेला एकच लेक, मथुरा. जावई जिवबा विणकर होता. आणि मथुरेला दिवस गेले होते, पहिल्या खेपेचे. आयुष्यभर दुसऱ्यांची नातवंडं झेलली. आता आपलं नातवंड आपल्या हातात, आपल्या छपराखाली यावं, एवढीच त्या बाईची इच्छा. जास्त मागत होती का? तुम्हीच सांगा.

आता गावात चांगल्या माणसांची काही वाण नव्हती. तीन मंडळं होती: पाथरवटांचं, सुतारांचं आणि कौलं भाजणाऱ्या कुंभारांचं. तिन्ही दानशूर. माळावरच्या लोकांची दशा पाहून तिघांचेही डोळे पाणावले, आणि ते पाणी खरं होतं, खोटं नव्हे.

पण त्या गावात एक रीत होती. घर पुरं करताना ज्याचा हात शेवटचा, त्याची खूण चौकटीवर. मग ते घर पिढ्यान्‌पिढ्या त्याच मंडळाचं म्हणून ओळखलं जायचं. आधी राबणाऱ्याचं नाव कुणी घेत नसे. त्यामुळे झालं काय, की प्रत्येकाला हात लावायचा होता, पण शेवटी!

पाथरवटांनी दहा कुटुंबांना दगडी जोती बांधून दिली आणि म्हणाले, "पुढचं इतरांनी करावं, मग भिंती चढवून शेवटचा हात आम्ही लावू." सुतारांनी दुसऱ्या दहा कुटुंबांना सागवानी दारं दिली. कुंभारांनी उरलेल्या दहा कुटुंबांना कौलांच्या थप्प्या दिल्या. ढोल वाजले, हार पडले. शेवटचा हात कुणाचा हे ठरण्याआधी एकाने दिलेली वस्तू दुसऱ्याच्या कामाला जोडली, तर देणारं मंडळ ती परत नेईल, अशी तंबीही मिळाली. तीन तिघाडी, काम बिघाडी, म्हणतात ते उगाच नाही.

धुरपदेच्या वाट्याला दार आलं. सुरेख दार होतं हो! चौकटीवर वेल कोरलेली, कडी पितळेची. तिने ते माळावर उभं केलं, दोन्हीकडून दगडांचा टेकू दिला. पुढे माळ, मागे माळ, वर आभाळ, आणि मधे दार.

पण धुरपदा हार मानणारी नव्हती. ती रोज सकाळी दार उघडायची, उंबऱ्याशी रांगोळी काढायची, दिवेलागणीला कडी लावायची. आणि गंमत पाहा, माळावरची माणसंही त्या दाराचा मान राखू लागली. कुणाला विस्तव हवा असला, मीठ हवं असलं, तर कडी वाजवायची. धुरपदा म्हणायची, "थांब गं, केर काढतेय." मग ती दार उघडायची. बाजूने कुणी येत नसे. बकऱ्या तेवढ्या यायच्या, त्यांना कसली रीतभात!

धुक्याच्या सकाळी तर नुसतं दारच दिसायचं. वाटायचं, मागे खरंच घर असेल, त्यात चूल असेल, पाळणा असेल. ऊन वर आलं की सगळं विरून जायचं आणि तीन दगडांच्या चुलीपाशी कुडकुडणारी मथुरा दिसायची.

एक दिवस जिवबा सासूला म्हणाला, "मामी, ओली बाळंतीण या वाऱ्यात कशी राहील? पुनवेला बैलगाड्यांचा तांडा डोंगरापलीकडे जातोय. तोवर छप्पर झालं तर ठीक. नाही तर मी मथुरेला घेऊन जातो."

त्याचं तरी काय चुकलं? पुनवेला तीन आठवडे होते. धुरपदेने पदर खोचला आणि निघाली.

ती थोरल्या पाथरवटाकडे गेली. "दादा, माझ्याकडे दार आहे. जोतं तेवढं द्या."

"देतो की!" तो म्हणाला. "आधी सुतारांकडून कबूल करून आण, की शेवटचा हात आमचा."

ती थोरल्या सुताराकडे गेली. तो हसला. "मावशी, माणूस घरात शिरतो कुठून? दारातून. मग दार बसल्याशिवाय घर पुरं कसं होईल? शेवट आमचाच."

ती थोरल्या कुंभाराकडे गेली. तो म्हणाला, "अहो, छप्पर म्हणजे शेवट, हे शेंबडं पोरही सांगेल!"

तिघांनीही तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं, मथुरेची चौकशी केली. वाईट माणूस एकही नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. या चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हेच तिला कळेना. ती तीन वेळा तिन्ही उंबरे झिजवून आली आणि प्रत्येक वेळी गूळ खाऊन परतली.

दोन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी धुरपदेच्या दाराची कडी जोरजोरात वाजली. थोरला सुतार आला होता, अनवाणी, डोक्याला पागोटंही नाही. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. कडेने दोन पावलं टाकली असती तर तो आत आला असता. पण ते दार त्याच्या हातचं होतं, म्हणून तो दारापुढे थांबला.

धुरपदेने दार उघडलं. सुताराने उंबरा ओलांडला आणि तिथेच थबकला. आजवर त्याने हे दार पुढूनच पाहिलं होतं, हार घालताना. आता तो मागे उभा होता. वाऱ्याने चूल विझली होती. जिवबा अंगाने आडोसा करून बसला होता आणि दिवस भरलेली मथुरा पोत्यावर पडून होती.

"मावशी, चला," एवढंच सुतार म्हणाला.

धुरपदा गेली. नडल्याला अडवून धरायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. दुपारपर्यंत सुताराच्या घरी नात जन्मली, गोरीगोमटी, खणखणीत आवाजाची. सुताराने आनंदाने नवं लुगडं पुढे केलं. "मावशी, हे घ्या. आणखी काय हवं ते मागा."

धुरपदा हात पुसत म्हणाली, "मला काही नको, दादा. तुमची नात छपराखाली जन्मली, सुखी राहो. माझी कुठे जन्मेल, ते तेवढं सांगा."

एवढं बोलून ती निघून गेली. लुगडं सुताराच्या हातातच राहिलं.

त्याच दिवशी सुतार इतर दोघांकडे धावला. "शेवटचा हात तुमचा, खूण तुमची, मला काही नको. पण उद्याच कामाला लागू या!"

आता तुम्ही म्हणाल, झालं, सुटलं कोडं. छे! इतकी वर्षं जो आपलंच घोडं पुढे दामटत आला, तो एकाएकी गोड बोलू लागला, तर कुणाचा विश्वास बसेल? पाथरवट म्हणाला, "यात काहीतरी काळंबेरं आहे." कुंभार म्हणाला, "तो एवढं सोडतोय, म्हणजे पदरात मोठं काहीतरी पडत असणार." मग बैठक कुणाच्या ओट्यावर घ्यायची, यात चार दिवस गेले. आधी कुणी बोलायचं, यात आणखी चार. शेवटी सुताराने दोघांना हाताला धरून माळावर नेलं, कडी वाजवली आणि त्या दाराच्या मागे उभं केलं.

तेव्हा कुठे दोघांच्या माना खाली गेल्या. पण ती सकाळ पुनवेनंतरची होती, आणि दारामागे धुरपदा एकटीच बसली होती.

पुनवेला काय झालं, तेही सांगतो. तांड्याच्या गाड्या जुंपल्या गेल्या. धुरपदेने लेकीच्या कानाशी लागून सांगितलं, "जी कुणी सुईण येईल, तिला आधी कढत पाण्याने हात धुवायला लाव. लाजू नकोस. आणि नाळ घाईने कापू देऊ नकोस." मथुरा रडत रडत हो म्हणाली. मग ती निघाली, आणि दारातूनच निघाली. मागे वळून तिने दार हळूच ओढून घेतलं. धुकं होतं. गाडीची घुंगरं बराच वेळ ऐकू आली, गाडी मात्र दिसली नाही.

पुढे कामाचा काय धडाका उडाला म्हणता! पाथरवट जोती घालत पुढे गेले, त्यांच्या मागून चौकटी उभ्या राहिल्या, भिंती चढल्या, वर कौलं बसली. सुतार दगड वाहायला लागले, कुंभार वासे धरायला लागले. दीड महिन्यात तीस घरं! चौकटींवर खूण कुणाचीच कोरली नाही. त्या लाकडावर आता तोरणं लागली. गाव एकमेकांना विचारत राहिलं, "एवढं सोपं होतं, तर आधी का नाही केलं?"

पहिलं घर धुरपदेचं झालं आणि शेजारचं मथुरेचं. धुरपदेने डोंगरापलीकडे निरोप धाडला. उलट निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, इथल्या लोकांनी खोली दिली, माग बसवून दिला, आता पुन्हा सगळं मोडून येणं व्हायचं नाही.

वरातीमागून घोडं आलं ते असं.

वर्षाने मथुरा लेकीला घेऊन माहेरी आली. तिला पाहायला सारा माळ गोळा झाला, तिन्ही मंडळांचे थोरलेही आले. त्या वेळी धुरपदेच्या कडेवर सुताराची नात होती. पोर तिचे कान ओढत होती, खिदळत होती, तिची नथ धरून झोंबत होती. धुरपदेने तिला खाली ठेवलं आणि स्वतःच्या नातीसाठी दोन्ही हात पसरले.

त्या बाळाने या अनोळखी म्हातारीकडे पाहिलं, ओठ काढले आणि भोकाड पसरून आईच्या पदरात तोंड लपवलं.

"होईल सवय, होईल," असं म्हणत धुरपदा हसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तिघे थोरले समोर उभे होते. तीस पक्की घरं बांधणाऱ्या त्या माणसांना त्या क्षणी वर पाहायची छाती झाली नाही.

पुढे त्या गावात कुणाचं घर पडलं, जळलं, बुडालं, तर तिन्ही मंडळं बोलावण्याची वाट न पाहता एकत्रच निघायची. पण मथुरेच्या घराला भाडेकरू आले नि गेले, मथुरा काही राहायला आली नाही.

लक्षात ठेवा, लहानांनो आणि थोरांनो: चांगली माणसं एकत्र यायला जेवढा उशीर करतात, त्याची किंमत ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला मोजावी लागते.