बायका गप्प बसल्या तो रविवार

चर्चमध्ये नव्या पाळकबाई आल्या, सुलभा ओहोळ. पहिल्याच सभेत ज्येष्ठ पंच हनोखराव गरजले, "बाई उपदेश करणार? बायकांनी मंडळीत गप्प बसावं, असं शास्त्रात लिहिलंय!"

पाळकबाई हसून म्हणाल्या, "बरं. मग सगळ्याच बसतो."

रविवारी हनोखरावांनी ऐटीत गीत सुरू केलं. बायकांनी चकार शब्द काढला नाही. पुरुष नुसते पुटपुटले. दुसऱ्याच ओळीला हनोखरावांचा सूर घसरला. त्यांनी केविलवाणं होऊन बायकोकडे पाहिलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"पाळकबाई, अहो, तुम्ही तरी बोला!"

"पंचांनीच सांगितलं म्हटल्यावर बोलायलाच हवं," म्हणत त्या व्यासपीठावर चढल्या. पहिलं 'आमेन' घुमलं ते हनोखरावांच्या बायकोचं.