साळूमावशीकडचे न भुंकणारे पिल्लू

मुलांनो, घाटाच्या उतारावर एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात, करवंदीच्या जाळीखाली, एक साळिंदर राहत असे. अंगावर लांबच लांब काटे, चाल डुलत डुलत, आणि स्वभाव असा की दारी आलेल्याला नाही म्हणणे तिला कधी जमलेच नाही. सारे जंगल तिला साळूमावशी म्हणे. कुणाची आई शिकाऱ्याने नेली, कुणाचे घरटे वादळात पडले, कुणी वाट चुकले, की त्याची पाठवणी साळूमावशीच्या बिळात होई. सशाची पोरे, मुंगसाचे पिल्लू, एकदा तर पंख दुखावलेला होला, सगळे तिच्याकडे राहून गेले होते. राहून गेले, हे मात्र नीट ऐका. कायमचे कुणीच राहत नसे. पिल्लू हिंडूफिरू लागले, की मावशी त्याला सांभाळील असे घर शोधी आणि स्वतः तिथवर पोचवून येई. म्हणून ती कुणाचे नावसुद्धा ठेवत नसे. "नाव घर देणाऱ्यानं ठेवायचं," असे ती म्हणे. "मी ठेवलं, तर माझ्याच्यानं सोडवणार नाही."

त्या बिळाचे नियम दोन होते. बिळात शिरताना मावशी आपले काटे अंगाला अगदी चापून बसवी, एकही वर येऊ देत नसे. हा नियम तिचा. आणि कुणी आवाज करायचा नाही, हा नियम पिल्लांचा. कारण त्या उतारावर एक बिबट्या फिरे आणि त्याचे कान फार तिखट होते. कोवळ्या आवाजाचा माग काढत तो थेट बिळाच्या तोंडाशी येऊन बसे. तोंड अरुंद होते म्हणून त्याचा पंजा आत पोचत नसे, एवढेच.

एकदा भाद्रपदात कावळा घाईघाईने आला आणि म्हणाला, "मावशी, घाटातल्या वळणावर एक मोटार थांबली होती. माणसांनी एक गोणपाट खाली ठेवलं आणि निघून गेली. ते गोणपाट हलतंय."

मावशी डुलत डुलत गेली. गोणपाटात कुत्र्याचे पिल्लू होते. रंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडका, आणि पोट पार खपाटीला गेलेले. मावशीमागून चालताना ते सारखे कुईंकुईं करत होते. बिळाशी आल्यावर मावशी म्हणाली, "गप, बाळा. इथं गप्पच राहायचं असतं."

पिल्लाला एकदा टाकून दिलेले होते. पुन्हा कुणी टाकू नये म्हणून काय करावे, हे त्याला ठाऊक नव्हते. आता कुणीतरी सांगितले, ते त्याने मनात घट्ट धरून ठेवले. त्या दिवसापासून ते असे गप्प झाले की भूक लागली तरी आवाज नाही, पायात काटा मोडला तरी आवाज नाही. मावशी कौतुकाने साऱ्या जंगलाला सांगत सुटली, "इतकं शहाणं पोर माझ्याकडे आजवर आलं नव्हतं."

मावशीने आणलेले कंद पिल्लू हुंगून बाजूला सारी. पण साळिंदरांना हाडे कुरतडायची सवय असते, तेव्हा बिळाच्या एका कोपऱ्यात वाळक्या हाडांचा ढीग होता. तो पाहून पिल्लाचा पडका कानही उभा राहिला. मग रोज सकाळी दोघे बिळाच्या तोंडाशी बसत, एकाच हाडाचे एक टोक मावशीकडे आणि दुसरे पिल्लाकडे. झोपताना ते मावशीच्या कुशीला डोके टेकवी. काटे कसे असतात हे त्याला माहीतच नव्हते. त्याच्यासमोर ते कधी उभे राहिलेच नव्हते. मावशीचा त्याच्यावर फार जीव जडला. नाव ठेवले नव्हते खरे, पण नाव न ठेवल्याने काही फारसा उपयोग झाला नाही.

दिवाळी जवळ आली तोवर पिल्लू इतके वाढले, की त्याची पाठ छताला घासू लागली. आत वळता येईना, तेव्हा ते उलटे चालत बाहेर पडू लागले. मावशीने काय करावे? तिने बीळ खणून मोठे केले. आठवड्याने पुन्हा मोठे केले. तोंडाशी मातीचा ढीग साचला.

कावळा फांदीवरून म्हणाला, "मावशी, कळप यायची वेळ झाली. दरवर्षी धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात आणि आपल्या माळावर मुक्काम करतात, तुला माहीत आहे. त्यांची राखणीची कुत्री म्हातारी झालीय. तिला हाताखाली कुणीतरी हवंय."

"अजून लहान आहे तो," मावशी म्हणाली. लहान पोर तेव्हा अर्धे बिळात आणि अर्धे बिळाबाहेर भरदुपारी निजले होते, कारण पाय पसरले की सगळे आत मावत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बिळाच्या तोंडाशी बिबट्याच्या पंजाचे ओरखडे पाहिले. एरवी ते बाहेरच असत. या वेळी ते आत होते, पिल्लू जिथे डोके ठेवी तिथून वीतभर अंतरावर. पिल्लासाठी केलेल्या वाटेने बिबट्याचा पंजाही येऊ लागला होता. त्याच दिवशी माळावरून मेंढ्यांचा आवाज आला आणि मावशी पिल्लाला घेऊन निघाली.

म्हातारी कुत्री माळावर मेंढ्यांच्या कुंपणाच्या जाळीपाशी बसली होती. डोळ्यांवर पडदा आलेला, पण नाक शाबूत. तिने पिल्लाला सगळीकडून हुंगले, पाय पाहिले, दात पाहिले.

"प्वॉर धडधाकट हाय," ती म्हणाली. "भुकतंय कसं?"

"भुंकत नाही," मावशी अभिमानाने म्हणाली. "अगदी गुणी आहे."

म्हातारीने कळपाकडे तोंड वळवले. मग म्हणाली, "बाई, राग मानू नगंस. कळपाला कुत्रं लागतं ते आवाजासाठी. बिबट्या आला, लांडगा आला, तर मालक उठनार कशानं? मुकं कुत्रं दाराशी बसलं, की मेंढरास्नी वाटतं राखन हाय. आन् राखन तर नसतीच. त्यापरीस कुत्रं नसल्यालं बरं. कळप हलंपतुर बघ काय जमतंय का. न्हाईतर आमाला फुडं जायाच पायजे."

परतताना मावशीला आपली चूक कळली. सशाच्या पोराला जे शिकवायचे, तेच तिने कुत्र्याच्या पोराला शिकवले होते. सशाचा त्याने जीव वाचतो. कुत्र्याचे त्याने घर जाते. आपल्या बिळाला सोयीचे ते साऱ्या जगाला सोयीचे, असे तिने धरूनच चालले होते.

तिने खूप खटपट केली. "भुंक बाळा," असे म्हणून पाहिले. पिल्लू नुसते पाहत राहिले. मग मावशीने स्वतः भुंकून दाखवले. साळिंदराचे भुंकणे कसे असते ते मी तुम्हांला काय सांगू? नाकात पाणी गेल्यावर म्हैस फुरफुरते ना, तसेच काहीसे ते झाले. पलीकडच्या खडकावर बसलेला कोल्हा हसून हसून खाली यायच्या बेतात होता.

"मावशी," हसू आवरून तो म्हणाला, "कुत्र्याला भुंकणं शिकवायचं नसतं. ते त्याच्या पोटात असतंच. तू त्यावर झाकण ठेवलंयस. आता ते तुलाच काढावं लागेल."

त्या संध्याकाळी पिल्लाने मावशीच्या कुशीत तोंड खुपसले आणि पहिल्यांदाच, अगदी कुजबुजत, मनातले विचारले, "मावशी, मी भुंकलो नाही, तर मला इथंच राहता येईल ना?"

मावशी म्हणाली, "राहता येण्यासारखं असतं, तर मीच तुला जाऊ दिलं नसतं रे. पण हे बीळ आता तुला पुरत नाही, आणि बिबट्याला पुरायला लागलंय. माझा जीव आहे तुझ्यावर, म्हणूनच तुझं घर व्हायला हवं."

मुक्कामाची शेवटची संध्याकाळ आली. मावशी पिल्लाला घेऊन पुन्हा माळावर गेली. नुकतीच जन्मलेली कोकरे एका छोट्या कुंपणात वेगळी ठेवली होती. तिने पिल्लाला त्यांच्यापाशी बसवले. एक कोकरू लगेच येऊन त्याच्या पोटाला चिकटले. "मी तुझ्यासाठी हाड घेऊन येते," असे सांगून मावशी निघाली, आणि जाता जाता म्हातारीच्या कानाशी म्हणाली, "ओळखीचा वास आला, तरी आज तुम्ही गप्प राहा."

मावशी माळाला वळसा घालून झुडपांमागे गेली. वारा तोंडावर घेतला, म्हणजे तिचा वास पुढे जाणार नाही. तिने डोळे मिटले. आणि पिल्लाजवळ असताना जे कधीच केले नव्हते ते केले. सारे काटे उभे केले.

अंधारून आले होते. झुडपातून काहीतरी भलेमोठे बाहेर पडले. अंगभर भाल्यांसारखे काटे, त्यांचा खळखळ आवाज, पाय आपटत, फुत्कारत ते कोकरांच्या रोखाने निघाले. कोकरू भेदरून ओरडले आणि पिल्लाच्या मागे लपले. पिल्लू थरथरत उभे राहिले. तोंड उघडले, पण आवाज फुटेना. ते काटेरी जनावर आणखी पुढे आले. कोकरू पुन्हा ओरडले.

आणि पिल्लू भुंकले. पहिला आवाज फाटका आला, दुसरा बरा आला, तिसऱ्याने सगळा माळ जागा झाला. इतक्या दिवसांचे साठलेले भुंकणे एकदम बाहेर पडत होते. मावशीचे पाऊल अडखळले. आपणच वाढवलेले पोर आपल्यावरच दात विचकते आहे, हे सोसणे सोपे नव्हते. तरीही खात्री करून घ्यायला ती आणखी एक पाऊल पुढे सरकली. पिल्लू मागे हटले नाही. कोकराच्या आणि तिच्या मध्ये पाय रोवून भुंकतच राहिले. काठी घेऊन धनगर धावत आला, तेव्हा मावशी माघारी वळून झाडीत शिरली होती.

बिळात आल्यावर तिने काटे चापून बसवले. मग तिच्या लक्षात आले, की आता तशी गरज नाही. कोपऱ्यात दोघांनी कुरतडलेले हाड पडले होते. ते पाहून ती पोटभर रडली आणि मग उठून बाहेरची माती आत ओढत बिळाचे तोंड पूर्वीसारखे अरुंद करू लागली.

सकाळी कावळा आला. "मावशी, कळप उतरला. तुझा पोरगा सगळ्यांत पुढे होता. धनगरानं रात्री त्याला अर्धी भाकरी दिली आणि नावही ठेवलं."

"काय ठेवलं?"

"बोंबल्या."

मावशी इतकी हसली की तिचे सारे काटे खळखळ वाजले.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मेंढ्या घाट चढून परत आल्या. मधल्या काळात मावशीकडे मांजराचे एक पिल्लू आले होते. त्याला पुढे वनरक्षकाच्या चौकीत पाठवायचे होते आणि तिथे उंदरांचा सुळसुळाट होता. म्हणून मावशी त्याला गप्प राहण्याबरोबर उंदीर पकडायलाही शिकवत होती, स्वतःला एकही पकडता येत नसताना. त्याला घेऊन ती ओढ्यावर गेली. पलीकडे एक उमदा तांबूस कुत्रा पाणी पीत होता. एक कान उभा, एक पडका. तो पाण्यातून उड्या मारत आला आणि मावशीच्या कुशीत डोके खुपसू लागला. आता ते डोके मावत नव्हते. मागून म्हातारी आली आणि म्हणाली, "बाई, कोकनात दोनदा बिबट्या आल्ता. एक बी कोकरू जाऊ दिलं न्हाई ह्यानं."

"त्या संध्याकाळी मीच होते रे," मावशीने एकदाचे सांगून टाकले.

"ठाऊक आहे," बोंबल्या म्हणाला. "भुंकता भुंकता वारा फिरला आणि तुझा वास आला."

"मग थांबला का नाहीस?"

"मागे कोकरू होतं ना."

मावशीने त्याच्या पडक्या कानाला नाक घासले. आजवर तिने कितीतरी पोरे पोचवली होती, पण इतके समाधान तिला कधी झाले नव्हते.

संध्याकाळी मावशी घरी निघाली. वाट कळपाच्या कुंपणाजवळून जाई. तिची चाहूल लागताच बोंबल्या उठला आणि छाती भरून भुंकू लागला. मांजराचे पिल्लू मावशीला बिलगले. "मावशी, तो आपल्यावर रागावलाय का?"

"नाही गं," मावशी म्हणाली, "तो कामावर आहे." आणि तिने मागे वळून पाहिले. बोंबल्याचे भुंकणे थांबत नव्हते, आणि शेपूट हलायची थांबत नव्हती.

तात्पर्य : आसऱ्याला आलेल्याला आपल्या घरापुरते वाढवू नये, त्याच्या पुढच्या घरासाठी वाढवावे.