अकरा दिवस उशिरा आलेली पिल्लं

बाळांनो, जवळ सरका. ही गोष्ट खदखदून हसायची नाही, आधीच सांगून ठेवते. पण मध्येच उठून जायचं नाही हं!

डोंगराच्या पायथ्याला, लालपिवळ्या कर्दळीच्या मागे, एक इवलंसं घर होतं. तिथे सोनकी राहायची. आठ वर्षांची, दोन वेण्यांची. वेण्या बाबा घालायचे, म्हणून एक वर आणि एक खाली. आई घालायची तेव्हा दोन्ही अगदी सारख्या असत. पण आई माघात तापाने गेली.

जायच्या आधी आईने परसात एक खुराडं बांधलं होतं. बांबूच्या कामट्या आणि वर शेणामातीचा गिलावा. "खायच्या कोंबड्या पाळू. घर चालेल आपलं," असं ती म्हणायची. भिंत ओली असताना तिने सहज हात टेकला आणि पाच बोटांचा ठसा तसाच वाळला. आई गेल्यावर सोनकी रोज त्या ठशात आपला चिमुकला हात ठेवायची. भिंत गारच असायची.

बाबांनी आईचा तो बेत मनावर घेतला. पण लेकीला सगळं खरं खरं सांगून टाकलं.

"सोनके, कोंबड्या विकल्या गेल्या तर पुढची पिल्लं आणू, इथेच राहू. नाही गेल्या तर मला शहरात कामाला जावं लागेल आणि तुला मावशीकडे."

मावशी वाईट नव्हती हो. पण मावशीच्या घरी आईचा हात नव्हता.

मग एका सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यातून पन्नास पिल्लं आली. पिवळीधमक, मऊमऊ, काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांची. बाबांनी खाली भाताचं तूस पसरलं, मध्ये शेगडी ठेवली.

"नीट बघ. एकमेकांवर चढून बसली की समजायचं, थंडी वाजतेय. मग निखारे वाढवायचे. लांब लांब पळाली तर कमी करायचे. आणि एक सांगतो, त्यांना नावं देऊ नकोस."

"का बाबा?"

"बेचाळीस दिवसांची ती पाहुणी. मग लोकांच्या जेवणात जाणार."

सोनकीने त्या दिवशी भात खाल्ला नाही. नाव मात्र कुणालाच दिलं नाही. नुसतं सगळ्यांना "बाळा, बाळा" म्हणायची. म्हणजे पन्नासांना एकच नाव झालं की नाही?

पंधरा दिवस बरे गेले. पिवळ्या पिसांत पांढरी पिसं डोकावू लागली. आणि मग कुंपणापलीकडच्या यमूकाकू आल्या.

"देवजी, कोंबड्या कधी विकायच्या म्हणतोस?"

"गटारीला," बाबा म्हणाले. "श्रावण लागायच्या आदल्या दिवशी गाव कोंबडीवर तुटून पडतं. गेल्या वर्षीची तारीख बघून बरोबर बेचाळीस दिवस आधी पिल्लं आणलीत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे वेड्या, आपले सण तारखेवर चालतात का? चंद्रावर चालतात! यंदा गटारी अकरा दिवस आधी आलीय. तोवर तुझ्या कोंबड्या एवढ्याशाच राहतील. नंतर महिनाभर गावात कुणी कोंबडी-मटणाला हात लावणार नाही!"

बाबांनी धावत जाऊन कालनिर्णय उलटलं, काकूंचं खरंच होतं. दरवर्षी कालनिर्णय बघायचं काम आईचं होतं ना, त्यांना कुठलं ठाऊक!

सोनकी कर्दळीच्या आड जाऊन मुसमुसत बसली. तेवढ्यात तिला दिसलं, चिखलात एक भिजलेलं फुलपाखरू धडपडतंय. "अगंबाई, तुला पण थंडी वाजतेय?" तिने ते ओंजळीत उचललं आणि शेगडीच्या उबेला धरलं. हळूहळू पंख सुटले. जांभळे, निळे, सोनेरी! आणि फुलपाखरू कुठलं? ती तर बोटाएवढी पिटुकली परी होती, अंगभर दवबिंदूंचा झगमगता झगा.

"माझ्यापाशी एकच इच्छा आहे, ती तुझी," परी म्हणाली.

सोनकी क्षणभरही थांबली नाही. "माझी आई दे."

परीचे डोळे भरले. "तेवढं नाही गं राणी. माझे दोन नियम आहेत. गेलेलं माणूस परत आणता येत नाही. आणि नवीन काही घडवता येत नाही. एकाला द्यायचं तर कुणाचं तरी घ्यावं लागतं."

सोनकी खूप रडली. परी तिच्या करंगळीला धरून बसून राहिली, घाई केली नाही. मग डोळे पुसून सोनकीने विचारलं, "पिल्लं गटारीपर्यंत मोठी होतील?"

"होतील की. एका चुटकीत. पण ते अकरा दिवस त्यांच्याच आयुष्यातून काढून घ्यावे लागतील."

सोनकीने खुराड्यात पाहिलं. एक पिल्लू उन्हाच्या कवडशात पाय ताणून, डोळे मिटून पडलं होतं. किती सुखात! सगळे मिळून बेचाळीस दिवस, आणि त्यातले अकरा काढायचे? आईच्या शेवटच्या आजारात बाबा देवापुढे काय म्हणायचे, ते तिला आठवलं. आणखी थोडे दिवस दे रे, एवढंच म्हणायचे.

"नको," ती म्हणाली. "त्यांचे दिवस त्यांनाच राहू देत. फक्त त्यातल्या एकाही दिवशी कुणाला थंडी वाजू नये, कुणी आजारी पडू नये."

"आणि मावशीकडे जावं लागलं तर?"

"तर जाईन."

परीने पंख झटकले. पंखांची सोनेरी धूळ तेवढी तुसावर भुरभुरली.

"पण धुळीसाठी कुणाचं काय घेतलंस?" सोनकीने विचारलं.

"माझ्या पंखांचा रंग," परी म्हणाली आणि फिकट होऊन कर्दळीच्या पानाआड गेली.

गटारी आली. लोक आले, कोंबड्या हातात धरून बघितल्या, म्हणाले, "हलक्या आहेत रे," आणि दुसरीकडे गेले. श्रावण लागला. मावशीचा निरोप आला. बाबांनी सोनकीचे दोन झगे पिशवीत घातले. सोनकी कोंबड्यांना पाणी देत राहिली, तूस उलथत राहिली. पन्नासातली एकही साधी शिंकली नाही.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटचं पसाभर खाद्य टाकून झालं, आणि फाटकाशी टेम्पो थांबला. खाडीकडच्या मोहल्ल्यातले मुनाफचाचा घाईघाईने उतरले.

"देवजीभाऊ, माझ्या फातिमाचा निकाह आहे परवा! चार गावं फिरलो, सगळ्यांनी गटारीलाच विकून टाकल्या. कुणाकडे मोठी कोंबडी नाही. तुझ्याकडे आहेत म्हणे?"

बाबांनी खुराड्याचं दार उघडलं. आत पन्नास शुभ्र, टपोऱ्या कोंबड्या. चाचा बघतच राहिले. "पन्नासच्या पन्नास जगल्या? या अल्ला, कुणी सांभाळल्या?"

बाबांनी सोनकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या वेळीही तुझ्याकडूनच नेईन," चाचा म्हणाले. "आम्हाला श्रावण काय आणि आषाढ काय!"

बाबांनी आत जाऊन पिशवीतले झगे पुन्हा खुंटीला अडकवले. सोनकीने ते पाहिलं. पण टोपल्या भरू लागल्या तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली. प्रत्येक कोंबडीला तिने पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "जा बाळा. जा हं बाळा." असं पन्नास वेळा.

टेम्पो गेला. खुराडं चिडीचूप झालं. कर्दळीच्या पानातून परी बाहेर आली, अगदी पांढरीफटक.

"तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली. "आई नाही आणू शकत मी. पण माझा उजेड अजून माझा आहे. तो तुला देते."

"मग तू?"

परी नुसती हसली. मग लख्ख उजेड झाला, सोन्यासारखा, सगळ्या परसभर. तो सरकत सरकत खुराड्याच्या भिंतीवर गेला, आईच्या पाच बोटांत उतरला आणि मातीत मुरला. परी कुठेच नव्हती.

सोनकीने डोळे पुसले, जवळ जाऊन त्या ठशात आपला हात ठेवला.

भिंत उबदार होती.