अहवालाबरहुकूम घर

एका गावात रावजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको शेवंता जरा स्पष्ट बोलायची.

त्यांची एकुलती लेक तालुक्याला दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. गावचं घर विकायचं आणि लेकीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या, एवढाच शेवंताचा ध्यास. जावई म्हणाला, आधी घर तपासून घ्या, गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. मग सबनीस इंजिनियर आले, भिंती ठोकून पाहिल्या आणि अहवाल लिहून दिला. पन्हळ गळते, मागच्या चौकटीला वाळवी आहे, न्हाणीच्या भिंतीला ओल आहे.

शेवंताने बजावलं, "गिऱ्हाइकापासून काही लपवू नका."

पहिलं गिऱ्हाईक आलं. रावजीने अहवाल वाचून दाखवला. मग शेवंताचे दागिने कुठल्या डब्यात आहेत तेही दाखवलं. गिऱ्हाईक दारात दिसताच ती "आलं ध्यान" म्हणाली होती, तेही सांगितलं. गिऱ्हाईक चहा न घेता गेलं.

शेवंताने कपाळाला हात लावला. म्हणाली, यापुढे आधी दुरुस्ती करायची, मग अहवाल दाखवायचा.

रावजीने दुकानातून पांढरी शाई आणली आणि अहवाल दुरुस्त केला. पन्हळ, वाळवी, ओल, सगळं पुसलं. दुसरं गिऱ्हाईक वाचून खूश झालं, मागच्या दाराला टेकलं आणि चौकटीसकट परसात गेलं.

"अहवालात एक आणि घरात एक, असं असलं की माणसं पळणारच," शेवंता कडाडली. "दोन्ही जुळायला नको?"

हे ती रागात बोलली आणि विसरली. रावजी विसरला नाही.

शेवंताने सबनिसांकडून त्याच अहवालाची नवी प्रत आणली. गवंडी, सुतार लावून घर ठणठणीत करून घेतलं. तिसरं गिऱ्हाईक बयाणा द्यायला येणार, त्या दिवशी ती खोल्या ठरवायला तालुक्याला गेली.

संध्याकाळी पेढे घेऊन परतली. रावजी ओट्यावर घाम पुसत बसला होता. हातात हातोडा.

"सगळं जुळवलं," तो म्हणाला. "पन्हळीला भोक पाडलं. न्हाणीच्या भिंतीवर घागरी ओतल्या. वाळवीने मात्र दमवलं. माळावरच्या वारुळातून टोपलीभर आणावी लागली."

शेवंता खाली बसली. "आणि गिऱ्हाईक?"

"घर नको म्हणाले. पण अहवालात एक अक्षर खोटं नाही, हे त्यांनी कबूल केलं."