पट्ट्यांची बाज

गावच्या शेतकरी सोसायटीच्या गोदामात पाइपांची, फवारणी पंपांची, मोटारींची खोकी येत. खोकी फोडली की त्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या उरत. गोदाम सांभाळणाऱ्या शलाकानं त्या जमवून बाजा विणल्या, वासरांची मुसकी केली, वर्कशॉपातल्या मोडक्या स्टुलांना बैठका घातल्या. गोदामाचा एक कोपरा तिनं कारखानाच करून टाकला.

चेअरमन बापूसाहेबांना ते खुपत होतं. मोठ्या माणसांना खुपायला कारण लागतंच असं नाही. शेती खात्याच्या मॅडम आल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर फर्मावलं, "हा कोपरा आजच रिकामा कर. पेटवून दे सगळं. वापरलेली वस्तू पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे अपमान असतो, पोरी!"

"खरंच, बापूकाका?"

"मग! माझ्या हातून असं कधी घडायचं नाही," म्हणत त्यांनी मॅडमच्या सत्काराची शाल उलगडली.

"मग ती शाल आधी खाली ठेवा. माझे आप्पा शाळेतून रिटायर झाले, तेव्हा तुम्हीच ती त्यांना दिलीत. तुमच्या साठीला आम्ही ती तुम्हाला दिली. काठाशी आईनं हिरव्या दोऱ्यानं केलेलं रफू असेल, बघा."

मॅडमनी काठ चाचपला. रफू होतं.

"इतके खांदे फिरून शाल मानाची राहते," शलाका म्हणाली, "आणि पट्टी एकदा वापरली की कचरा?"

मॅडम हसल्या, शाल पांघरली आणि सरळ पट्ट्यांच्या बाजेवर जाऊन बसल्या. "या ना, बापूसाहेब."

बापूसाहेब बसले. बाज कुरकुरली नाही, आणि बापूसाहेबही कुरकुरले नाहीत. कोपरा शलाकाकडेच राहिला.