पाहुण्याचं ताट

“आन् ती पास झाली, हे तिला कवा सांगितलंस?” सोमगिरी महाराजांनी विचारलं.

“त्याच संध्याकाळी,” यशोधन म्हणाला. “पेढे घेऊन गेलो होतो.”

“मग?”

“मग काय... तिनं सगळं ऐकून घेतलं. कुकर झाला होता, गॅस बंद केला. आणि निघून आली. इथे.”

महाराजांनी मान हलवली. ओसरीच्या कडेला मठाचा कुत्रा भैरू पाय ताणून पडला होता. आतून चुलीचा धूर येत होता आणि परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. भाकरी त्याची बायको वसुधाच थापत होती.

डॉ. यशोधन बापट पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करायचा. माणसं जोडीदार कसा निवडतात, कसा राखतात आणि एकमेकांना कशी फसवतात, हा त्याचा विषय. आदिमानवापासून आजच्या लग्नाच्या जाहिरातींपर्यंत त्याला सगळं एका दोऱ्यात ओवता येत असे. लोक त्याची व्याख्यानं तोंडात बोट घालून ऐकत. आज मात्र तो बालाघाटाच्या डोंगरातल्या या मठात बायकोला परत न्यायला आला होता.

वसुधाचं आजोळ खालच्याच गावातलं. लहानपणी ती याच ओसरीवर खेळली होती. महाराज तिला अजूनही पोरी म्हणत.

यशोधन आला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली होती, “आधी जेव. मग सांगते, येते की नाही.”

तिची बॅग भरून खांबाला टेकवलेली होती. यशोधननं ती पायरी चढतानाच पाहिली. भरलेली बॅग म्हणजे निम्मं काम फत्ते, असं त्यानं मनाशी धरलं. असे अंदाज बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“परीक्षा घेतलीस कशी?” महाराजांनी विचारलं.

“आमच्या अभ्यासाचाच भाग होता. एक देखणा तरुण तयार करतो आम्ही. बोलका, खिशानं जड वाटेल असा. तो लग्न झालेल्या बायकांशी ओळख काढतो, गोड बोलतो, कॉफीला बोलावतो. कोण जाते, कोण नाही, हे आम्ही बघतो.”

“बायांना ठावं असतं?”

“अभ्यासात भाग घेतलाय, हे माहीत असतं. तशी संमती घेतो आम्ही.”

“आन् हिला?”

यशोधननं चष्मा काढून पुसला.

“तिला सांगितलं असतं, तर परीक्षा कसली?”

आत तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्रर्र आवाज झाला.

“पण तिनं त्याला कसं उडवून लावलं, माहीत आहे?” यशोधनचा आवाज चढला. “भर लायब्ररीत! लाज काढली त्याची. त्यानं येऊन सांगितलं, तेव्हा माझा ऊर भरून आला, महाराज. खरंच सांगतो.”

“म्हंजे आधी शंका होती.”

“शंका प्रत्येक नराला असते. पोटातलं मूल आपलं आहे, हे बाईला ठाऊक असतं. पुरुषाला ते कधीच खात्रीनं कळत नसे. म्हणून तो जोडीदारावर पहारा ठेवू लागला. ज्यांनी ठेवला नाही, त्यांची पोरं जगात फारशी उरली नाहीत. आपण सगळे पहारेकऱ्यांच्या वंशातले. ही शंका माझी नाही, महाराज. लाखो वर्षांची आहे.”

“खरं असंल.”

यशोधनला हे अपेक्षित नव्हतं. भगव्या कपड्यातला माणूस शास्त्राशी भांडणार, असं धरून तो तयारीनं आला होता. भांडण न मिळाल्यामुळे त्याची थोडी पंचाईतच झाली.

“म्हणजे तुम्हाला पटतं?”

“तू शिकलेला माणूस. लाखो वर्सं तू बघितलीस, म्या न्हाई.” महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. “पर येक सांग. पोरगी लाखो वर्सांवर रुसून आलीय व्हय?”

यशोधन हसला नाही. त्याला ती हवी होती, हे काही खोटं नव्हतं. ती गेल्यापासून घरात त्याचा पाय ठरत नव्हता. ते सांगायची त्याला लाज वाटत होती, आणि शास्त्र सांगायला कधीच लाज वाटत नसे.

तेवढ्यात वसुधा दारात आली. हात पिठानं भरलेले. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

“महाराज, उंदराचं औषध कुठं असतं? कणगीमागं पुन्हा दिसला.”

“वरच्या फळीवर हाय. काळी पूड. नंतर हात नीट धू, पोरी.”

“हो.”

ती आत गेली. यशोधन पुन्हा बोलू लागला. बायका पुरुषात काय बघतात, पुरुष बायकांत काय बघतात, मोर पिसारा का फुलवतो आणि पोरं मोटारसायकल का उडवतात. महाराज ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं,

“तुझ्या शास्त्रात दुखावलेली बाई काय करती?”

“दोन वाटा असतात,” यशोधन वर्गात सांगावं तसं म्हणाला. “एक तर सोडून जाते. नाही तर सूड घेते. पुरुष अंगबळ वापरतो. बाई अंगबळ वापरत नाही, ती गुपचूप...”

तो थांबला.

“गुपचूप काय?”

“काही नाही.”

आतला आवाज थांबला होता. भाकरी संपल्या असाव्यात...

वसुधा ताट घेऊन बाहेर आली. पाट मांडला, ताट ठेवलं, तांब्या ठेवला. ज्वारीची भाकरी, वरण, कांदा आणि भाकरीच्या कडेला चटणीचा ढीग. काळी, भुरभुरीत चटणी.

“कारळ्याची आहे,” ती म्हणाली. “तुला आवडते ना. आत्ताच कुटली.”

यशोधन पाटावर बसला. कारळ्याची चटणी त्याच्या जिवाची. घरी तो बरणीत बोट घालून खायचा आणि तिची बोलणी खायचा. आज तो त्या ढिगाकडे बघत राहिला.

“तू पण बस ना,” तो म्हणाला. “बरोबरच जेवू.”

“मठाचा रिवाज आहे. पाहुणा उठल्याशिवाय रांधणारीनं घास घ्यायचा नाही.”

“बरं... महाराज, तुम्ही?”

“दिवे लागल्यावर. दिसातून येकदाच जेवतो म्या.”

वसुधा खांबाला टेकून उभी राहिली. बॅग तिच्या पायाशी होती. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे नीट बघत होती. त्यानं जेवावं, असं तिला मनापासून वाटत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर कुणालाही दिसलं असतं.

यशोधननं भाकरीचा तुकडा मोडला. तो चटणीला लावला. हात उचलला...

हात ताटातच राहिला.

हा वेडेपणा आहे, असं त्यानं स्वतःला बजावलं. ही वसुधा आहे. मग त्याला फळीवरची पूड आठवली, आणि आपलंच वाक्य आठवलं. बाई गुपचूप. चटणी ती स्वतः खाणार नाही, म्हातारा खाणार नाही. खाणारे आपण एकटेच. डोक्यात गाठीवर गाठ बसत गेली आणि मानेला घाम फुटला.

“महाराज,” तो मोठ्यानं म्हणाला, “जेवणाआधी मुक्या जिवाचा घास काढायची पद्धत आहे ना आपल्यात?”

“हाय की.”

“मग तो आधी. चांगली पद्धत आहे.”

वसुधाच्या भुवया किंचित वर गेल्या. लग्न झाल्यापासून या माणसानं कधी ताटाभोवती पाणीसुद्धा फिरवलं नव्हतं. सासरे चित्राहुती घालत, तेव्हा हा त्यांची थट्टा करत बसे.

यशोधननं भाकरीचा मोठा तुकडा मोडला. त्याच्यावर चटणी घातली. आणखी घातली. भाकरी दिसेनाशी झाली, तेव्हा त्यानं तुकडा पुढं केला.

“भैरू... ये. ये रे.”

भैरू उठला. आळस दिला, शेपूट हलवत आला आणि त्या अनोळखी माणसाच्या हातातून तुकडा घेतला. मचमच करत खाल्ला. चटणी जमिनीवर सांडली होती, तीही चाटून घेतली.

“जेव ना,” वसुधा म्हणाली.

“हो हो. जेवतोय. जरा... गरम आहे.”

भाकरीची वाफ केव्हाच गेली होती.

यशोधन बोलू लागला. रस्ता कसा खराब आहे, डोंगरावर हवा कशी छान आहे, परतीला एसटी कितीची आहे. तोंड महाराजांकडे होतं. डोळे कुत्र्यावर.

भैरू पुन्हा जागेवर जाऊन पडला. चारी पाय ताणले. डोकं फरशीवर टेकवलं.

यशोधनचं बोलणं थांबलं.

कुत्रा हलेना.

एक माशी आली आणि भैरूच्या कानावर बसली. कान हलला नाही. यशोधनच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून ताटात पडला. त्याला तो कळलासुद्धा नाही.

वसुधानं नवऱ्याच्या नजरेमागून नजर नेली. कुत्रा. मग ताटातली काळी चटणी. मग पुन्हा नवऱ्याचा चेहरा...

मग तिला कळलं.

ती ओरडली नाही. तिचा हात नुसता खांबावर घट्ट झाला. लायब्ररीत त्या परक्या पोरानं हात धरायचा प्रयत्न केला, तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती. या माणसाच्या शेजारी आपण इतकी वर्षं निर्धास्त झोपलो, याचं तिला आता भय वाटलं.

“झाली का खात्री?” तिनं हळूच विचारलं.

“कसली? अगं, कसली खात्री?”

भैरूला शिंक आली. तो उठून बसला, मागच्या पायानं कान खाजवला आणि आणखी काही मिळतं का म्हणून ताटाकडे बघू लागला.

यशोधनच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला, की तो लपवायला त्याला खोकावं लागलं. तो हसला. पटकन भाकरी मोडली, भरपूर चटणी लावली.

“वा! काय वास आलाय! वसू, अशी चटणी फक्त तूच...”

वसुधानं बॅग उचलली. वाकून महाराजांच्या पायांना हात लावला.

“मामाकडे जाते, महाराज. गावात.”

“जा, पोरी.”

“अगं थांब!” यशोधन पाटावरून अर्धवट उठला, हातात घास तसाच. “तू म्हणालीस ना, आधी जेव म्हणून? जेवतोय मी! हे बघ...”

त्यानं घास तोंडात कोंबला. गालफडं फुगवून चावू लागला.

ती पायऱ्या उतरत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळणावरच्या बाभळीआड तिची निळी साडी दिसेनाशी झाली.

यशोधन घास गिळून महाराजांकडे वळला. ओठांना चटणी लागलेली, डोळ्यांत पाणी.

“महाराज, तुम्ही सांगा तिला! तुमचं ऐकेल ती. अट काय होती? जेवायची. मी जेवलो की नाही? तुमच्या समोर जेवलो!”

महाराज उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली वाकले. पाटापुढचं ताट दोन्ही हातांनी उचललं, चार पावलं चालत गेले आणि ते भैरूपुढं ठेवलं. भैरूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

“महाराज... ते माझं ताट...”

महाराजांनी भैरूच्या पाठीवरून हात फिरवला.

“हात धू, डॉक्टर. तिच्या हातचं जेवाया आज येकच पाव्हणा आलता.”