कोणाला कळणार आहे?

स्काउट-गाइड संस्थेचे जिल्हा आयुक्त घोरपडेसाहेब यांचा दरारा असा, की ते मैदानात शिरले की झेंड्याची दोरीसुद्धा ताठ व्हावी. त्या दिवशी आठवीच्या मुलींना गाइडचं वचन म्हटल्यावर स्कार्फ मिळायचा होता. अनघा लोखंडेची पाळी आली. तीन बोटं उचलून ती ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्याचं वचन म्हणू लागली, पण ‘ईश्वर’ शब्दापाशी थांबली.

शेजारी गाइडच्या शिक्षिका पडवळबाई उभ्या होत्या. वर्षभर त्यांनीच तर या पोरीला गाठी मारायला, तंबू ठोकायला शिकवलं होतं.

“का थांबलीस?” साहेब गरजले.

“सर, देव आहे की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. गाइडचा पहिलाच नियम सांगतो, की आपल्या शब्दावर विश्वास ठेवता आला पाहिजे. मग मनात नसलेलं कसं म्हणू?”

“वचन पुरं नाही, तर स्कार्फ नाही!”

पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा साहेब वाकून कुजबुजले, “अगं, नुसतं तोंडाने म्हणून टाक. कोणाला कळणार आहे?”

अनघा विचारात पडली. “सर, मला तर ठाऊकच नाही. पण देव आहे, अशी तुमची खात्री आहे ना? मग कोणालाच कळणार नाही, असं तुम्हाला कसं वाटलं?”

साहेबांनी स्कार्फ तिच्या गळ्यात घातला आणि गाइडच्या रिवाजाप्रमाणे हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला.

“तू नुसता शब्द गाळलास, पोरी,” ते हळूच म्हणाले. “मी तर देवालाच गाळलं होतं.”